पोराचं लक्ष लागत नाही, आणि प्रश्न आईच्या बालपणाचा?

ज्यांना एपिसोड ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो, त्यांच्यासाठी हा नेहमीप्रमाणे लिखित अवतार. बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझे 'म्हणजे' आणि 'अॅक्च्युअली' थोडे कमी केलेत.

आजचा विषय आमच्या त्र्यंबकच्याच एका ताईंच्या व्हॉइस नोटमधून आला. मुलगा दुसरीत. शाळेतल्या बाई म्हणतात, एका जागी बसत नाही, अर्धं लिहून वही सोडून देतो. घरात टोमणा ठरलेला: "आईच अशी, तर पोरगं कसं असणार?" ताईंचं लहानपण वडिलांची दारू आणि मारहाण बघण्यात गेलं. त्यांचा प्रश्न एका वाक्याचा होता: "माझं ते सगळं पोरात उतरलंय का?"

मी डॉक्टर नाही, कोड लिहिणारा माणूस आहे. पण या प्रश्नावर बरंच संशोधन झालंय, ते नीट उलगडून सांगतो.

सुरुवात कुठून झाली?

1998 साली अमेरिकेत व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा या डॉक्टरांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. सॅन दिएगोतल्या हजारो प्रौढांना त्यांनी बालपणाबद्दल विचारलं: मारहाण झाली का, लैंगिक अत्याचार झाला का, घरात कुणाला व्यसन होतं का, आईला मारलेलं पाहिलं का? पुढे ही यादी 10 प्रकारांची झाली आणि सहभागींची संख्या 17 हजारांवर गेली. जवळपास दोन तृतीयांश लोकांनी किमान एक तरी 'हो' सांगितला. 'हो' जितके जास्त, तितका मोठेपणी नैराश्य, व्यसन आणि हृदयविकाराचा धोका जास्त.

आता ही यादी अमेरिकेतली. आपल्या तालुक्यात पाऊस धो-धो पडतो, आणि उन्हाळ्यात पाड्यांवरच्या मुली हंडे घेऊन पाण्यासाठी वणवण करतात. शेंद्रीपाड्याच्या बायका लाकडी बल्ल्यांवरून तास नदी ओलांडून पाणी आणायच्या, ते फोटो तुम्ही पाहिले असतील. आईबाप द्राक्षबागांच्या कामाला गेले की धाकट्यांना सांभाळायला मुलगीच घरी. आणि लवकर लग्न: 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात 20 ते 24 वयाच्या 21.9 टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. मूळ यादीत यातलं काहीच नाही. पण ताण हा ताणच.

मग पुढच्या पिढीचं काय?

वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत दिसतं की ज्या आयांचं बालपण जास्त खडतर, त्यांच्या मुलांमध्ये लक्ष न लागणं, चंचलपणा, चिडचिड या तक्रारी सरासरीने जास्त. 'सरासरीने' हा शब्द अधोरेखित करा. अशा आयांची असंख्य मुलं एकदम मस्त असतात.

हे पोचतं कसं? मुख्य रस्ते चार.

1. अलार्म. धोक्यात वाढलेल्या मुलीच्या शरीराचा अलार्म हळवा होऊ शकतो. स्मोक सेन्सर फोडणीच्या धुरालाही वाजावा, तसं. गरोदरपणात आईचं कॉर्टिसॉल वाढलं तर वार त्यातलं बरंचसं अडवते, पण सगळं नाही.

2. बाळंतपण. कमी वयात दिवस जाणं, अपुरं खाणं, शेवटच्या महिन्यापर्यंत मजुरी. दिवस भरण्याआधी किंवा कमी वजनाची जन्मलेली मुलं, त्यांच्यात लक्षाच्या अडचणी जास्त आढळतात.

3. आईचं मन. लहान मूल स्वतःला शांत करायला मोठ्या माणसाकडून शिकतं. आई नैराश्यात असेल, रात्ररात्र झोप नसेल, तर बाळाच्या हुंकाराला उत्तर द्यायला तिच्यात ताकद उरत नाही. यात प्रेम कमी पडत नाही, बॅटरी कमी पडते.

4. परिस्थिती तीच. माहेरी दारू होती, सासरीही आहे. म्हणजे मुलाला आईच्या भूतकाळाचा नाही, आजच्याच भांडणाचा त्रास होत असू शकतो.

आता इंजिनिअरचा खोडसाळ प्रश्न

दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली, असं नाही. एडीएचडी, म्हणजे लक्ष आणि अतिचंचलतेची अवस्था, मोठ्या प्रमाणात आनुवंशिक आहे. जुळ्यांच्या अभ्यासांत हा वाटा 70 ते 80 टक्क्यांच्या आसपास येतो. समजा आईलाच लहानपणी ही अवस्था होती आणि कुणाला कळली नाही. 'वांड मुलगी' म्हणून तिने जास्त मार खाल्ला. पुढे मुलाला जनुकं मिळाली. आकडेवारीत मार आणि मुलाची चंचलता जोडलेली दिसेल, पण दोन्हींचं मूळ तिसरीकडे. आणि बापाची जनुकं? टोमणे मारताना ती कुणालाच आठवत नाहीत.

"आघात डीएनएवर कोरला जातो" असे रील्सही फिरतात. त्यामागे मुख्यतः मॉन्ट्रियलच्या मायकेल मीनी यांचे उंदरांवरचे प्रयोग आहेत. जास्त चाटणाऱ्या आईची पिल्लं ताणाला कमी घाबरत. पण दुर्लक्ष करणाऱ्या आईची पिल्लं प्रेमळ आईकडे वाढवली, की तीही शांत होत. रीलमध्ये हा दुसरा भाग गाळतात. शिवाय माणसांबाबत याचा पुरावा अजून कच्चा आहे.

आपल्या शेजारचा पुरावा

गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी बाळंतिणींचा अभ्यास केला, तो 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. 23 टक्के आयांमध्ये बाळंतपणानंतर नैराश्य आढळलं. नवऱ्याची मारहाण आणि गरिबी असेल तिथे धोका जास्त. त्या आयांची बाळं सहा महिन्यांची झाल्यावर वजनात आणि बौद्धिक विकासात मागे दिसली.

चांगली बातमीही शेजारचीच. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत आरोग्यसेविकांना समुपदेशन शिकवलं, आणि आयांमधलं नैराश्य सहा महिन्यांत निम्म्याहून कमी झालं (2008). म्हणजे साखळी मध्येच तुटू शकते, आणि त्यासाठी मोठं हॉस्पिटलच लागतं असं नाही.

ताई, तुमच्यासाठी

पहिलं, दुसरीतला पोरगा हलतो म्हणजे एडीएचडी नव्हे. लक्षणं किमान सहा महिने, घर आणि शाळा दोन्हीकडे दिसली पाहिजेत. त्याआधी नजर, कान, झोप आणि रक्तातलं लोह तपासा. यातलं काहीही बिघडलं तरी लक्ष उडतं.

दुसरं, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाड्या आणि सरकारी शाळांमध्ये मुलं तपासतं. त्यांच्या यादीत लक्ष आणि चंचलतेच्या अडचणीही आहेत. गरज वाटली तर ते पुढे जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात. मुख्याध्यापकांना किंवा आशाताईंना विचारा, पथक कधी येणार.

तिसरं, स्वतःसाठी 14416 लावा. टेली-मानस, सरकारी, मोफत, 24 तास, मराठीत बोलता येतं. पोराच्या तक्रारीसाठी नाही, तुमच्यासाठी.

आणि "उतरलंय का?" याचं उत्तर: थोडा धोका वाढतो, नशीब ठरत नाही. तुमच्या वाट्याला जे आलं, त्यात तुमचा काडीचा दोष नव्हता.

बाकी मंडळी, तुमच्यापैकी बरेच जण कुणाचे तरी मामा, काका, आत्या आहात. आईला "पोराला नीट वळण लाव" असं सांगण्याआधी रोज तासभर त्या पोराला सांभाळा आणि तिला झोपू द्या. आणि घरात कुणी हात उगारत असेल, तर आधी ते थांबवा.

तुमचे प्रश्न व्हॉइस नोटवर पाठवत राहा. नाव कधीच घेणार नाही. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!