गाडीची वाट पाहताना

गावाकडच्या लहान स्टेशनावर तुम्ही बसला आहात. गाडी तासभर उशिरा आहे. बरोबर वळकटी आहे, फडक्यात बांधलेली भाकरी आहे आणि दहा वर्षांचा एक मुलगा आहे. तो दर पाच मिनिटांनी विचारतो आहे, "गाडी कधी येणार?" त्याच्यावर डोळे वटारण्यापेक्षा त्याला हाताला धरून जरा फलाटाच्या टोकापर्यंत चला. तिथं एक मोठी पिवळी पाटी आहे. आजचा धडा तिथूनच सुरू होतो.

पाटीवर स्टेशनाचं नाव तर आहेच. ते सगळेच वाचतात. पण नावाखाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ लिहिलेली असते, ती मात्र फार थोडे वाचतात. हे स्टेशन समुद्राच्या सरासरी पातळीपासून किती उंच आहे, हे त्या ओळीत सांगितलेलं असतं. सरासरी पातळी अशासाठी, की भरती-ओहोटीनं समुद्राचं पाणी सारखं वर-खाली होतं. मग मोजायचं कुठून? म्हणून पुष्कळ दिवसांच्या मोजणीवरून मधली पातळी ठरवतात आणि तिथून साऱ्या देशाची उंची मोजतात.

हा आकडा काय कामाचा, असं मुलगा विचारील. पुण्याच्या बाजूला निघालात तर कर्जतच्या पाटीवर शंभर मीटरांच्या आतला आकडा दिसेल आणि लोणावळ्याच्या पाटीवर सहाशेच्या वरचा. दोन्ही स्टेशनांत अंतर जेमतेम अठ्ठावीस किलोमीटर. म्हणजे एवढ्यात गाडी साडेपाचशे मीटरांहून जास्त वर चढली! हाच बोरघाट. इथं काही ठिकाणी चढ सदतिसात एक असा आहे, म्हणजे सदतीस मीटर पुढं गेलं की एक मीटर वर. बैलगाडीला हा चढ काहीच नाही. पण लोखंडाचं चाक लोखंडाच्या रुळावर घसरतं, त्याला हा चढ फार. म्हणून कर्जतला गाडीच्या मागं जादा इंजिनं जोडतात आणि ती गाडीला मागून रेटत वर नेतात. ती जोडेपर्यंत गाडी थांबते आणि तेवढ्यात आपण बटाटेवडा खाऊन घेतो. कर्जतच्या वड्याच्या नावलौकिकामागं हा सदतिसात एकचा हिशेब आहे, बरं का!

घाटातून गाडी १८६३ साली सुरू झाली. तेव्हा खंडाळ्याच्या अलीकडं एका अरुंद सोंडेवर रूळ संपत असत. वळायला जागाच नव्हती. गाडी त्या टोकापर्यंत जायची, थांबायची, आणि मग उलट तोंडानं दुसऱ्या रुळावरून पुढचा चढ चढायची. डोंगरात गुरं वर नेताना वाट जशी नागमोडी घेतात, तसाच हा प्रकार. १९२९ साली नवा मार्ग झाला आणि हे उलटं जाणं थांबलं.

आता पुन्हा आपल्या स्टेशनावर या. गाडीत बसल्यावर खिडकीतून पाहाल तर रुळाच्या कडेला एक पाटी दिसेल. तिच्यावर लिहिलेलं असतं "सी/फा". कित्येकांना हे एखाद्या गावाचं नाव वाटतं. खरं म्हणजे "सी" म्हणजे सीटी आणि "फा" म्हणजे फाटक. पुढं रस्ता रुळाला ओलांडतो आहे, शिटी वाज, असा हा चालकाला हुकूम. ज्या फाटकापाशी तुमची बैलगाडी उभी राहते, त्या फाटकासाठीच ही शिटी वाजते. ती तुमच्याकरताच आहे.

आणि गाडी निघून जाताना शेवटच्या डब्याकडं पाहा. त्याच्या पाठीवर मोठी फुली काढलेली असते. ही फुली म्हणजे, "माझ्यामागं आता काही नाही, गाडी इथं संपली" अशी ग्वाही. समजा फुली दिसलीच नाही, तर? तर काही डबे मागं तुटून रुळावरच राहिले असतील, असं धरून चालावं लागतं आणि मागची गाडी सोडता येत नाही. एका साध्या फुलीवर केवढ्या माणसांचा जीव तोललेला असतो, पाहा!

आता हीच गाडी तुम्हाला मुंबईला घेऊन जाईल. मुंबई म्हटलं की आपल्याकडच्या माणसाच्या पोटात थोडा गोळा येतो. गर्दी, धक्के आणि कुठं उतरायचं याची धास्ती. पण स्टेशनांची नावं जरा उकलून पाहिली की शहर निम्मं ओळखीचं होतं. चर्चगेट घ्या. जुन्या मुंबईला तटबंदी होती, तिला दरवाजे होते. देवळाशेजारचा दरवाजा जसा देवळाच्या नावानं ओळखला जातो, तसा चर्चजवळचा हा चर्चगेट. १८६० नंतरच्या दशकात तट पाडला, दरवाजा गेला. नाव स्टेशनाला चिकटून राहिलं. दादरला लोक एका चौकाला "टीटी" म्हणतात. ते "ट्राम टर्मिनस"चं लघुरूप. मुंबईत ट्राम १८७४ साली आली, तेव्हा ती घोडे ओढत. १९०७ साली विजेची ट्राम झाली आणि ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम धावली. ट्राम जाऊन साठ वर्षं उलटली, तरी "टीटीला उतरायचंय" असं म्हणणारी माणसं आजही भेटतात.

दादरची आणखी एक गंमत म्हणजे तिथं दोन रेल्वे एकमेकींना भेटतात. पूर्वी दोन्हींनी आपापले फलाट एकपासून मोजले होते. त्यामुळं "एक नंबरवर थांब" असं सांगितलं की एक पाहुणा पश्चिम रेल्वेच्या एक नंबरवर आणि यजमान मध्य रेल्वेच्या एक नंबरवर! डिसेंबर २०२३ मध्ये साऱ्या फलाटांना एक ते चौदा असे सलग आकडे दिले आणि ही चुकामूक मिटली.

गुरुजी, आता खास तुमच्यासाठी एक गणित. ब्रिटिश राजवटीत रेल्वेच्या घड्याळात मद्रासची वेळ चाले. मुंबई शहर मात्र स्वतःच्या सूर्याप्रमाणं चाले. दोहोंत सुमारे अर्ध्या तासाचा फरक. १८८१ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांनी मद्रासची वेळ मुंबईवर लादून पाहिली, पण लोकांनी ती मानली नाही आणि सरकारला माघार घ्यावी लागली. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली. रेल्वेनं ती घेतली. मुंबईकरांचा हट्ट मात्र सुटला नाही. शहरात पुढं १९५५ पर्यंत "मुंबई टाइम" टिकून होता, तो प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागं.

एकोणचाळीसच का? मुलांना फळ्यावर करून दाखवा. पृथ्वी ३६० अंश चोवीस तासांत, म्हणजे १४४० मिनिटांत फिरते. एका अंशाला चार मिनिटं. प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची. मुंबई पावणेत्र्याहत्तरच्या किंचित पुढं. फरक सुमारे नऊ पूर्णांक दोन तृतीयांश अंश. त्याला चारनं गुणा, उत्तर येईल एकोणचाळीसच्या जवळ. भूगोलाच्या पुस्तकातला रेखांश मुलांना कोरडा वाटतो. पण त्याच रेखांशावरून एक अख्खं शहर सरकारशी भांडलं, हे सांगा, आणि मग पाहा वर्ग कसा कान टवकारतो ते!

सीमा शिकवायची असेल तर नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर सांगा. सुरत-भुसावळ मार्गावरचं हे स्टेशन. रूळ आधी पडले होते. १ मे १९६० ला महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले आणि राज्यांची हद्द नेमकी फलाटावरून गेली. तिथं एक बाकच असा आहे, की एका टोकाला बसलेला माणूस महाराष्ट्रात आणि दुसऱ्या टोकाला बसलेला गुजरातेत. नकाशावरची ठळक रेघ जमिनीवर कशी असते, तर अशी. तिच्यावर बसून दोघे एकाच पुडीतले शेंगदाणे खाऊ शकतात.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच. आपल्याकडं शाळेची सहल शहरात जाते आणि मुलं परत येतात ती दमून. काय पाहिलं म्हणून विचारलं तर "उंच इमारती" म्हणतात. मनात मात्र घेऊन येतात, की पाहण्यासारखं सारं तिकडं आहे, आपल्या गावात काही नाही. हे खोटं आहे आणि ते मुलाच्या मनात रुजू देऊ नये. मुंबईच्या स्टेशनाची उंची ज्या समुद्रापासून मोजली, त्याच समुद्रापासून तुमच्या स्टेशनाचीही मोजली आहे. ती पाटी तुमच्या फलाटावर उभी आहे. तिला कोणी वाचणारा हवा.

तेव्हा पुढच्या सहलीला प्रत्येक मुलाला एक वही द्या. स्टेशनाचं नाव, उंची, मागच्या स्टेशनाहून चढ की उतार आणि नावाची गोष्ट, एवढे चार रकाने पुरे. हे सारं फलाटावरून आणि खिडकीच्या आत राहून. रूळ ओलांडून नाही की दारात लोंबकळून नाही, हे आधी बजावून ठेवा.

आणि हो, तो तुमच्याबरोबरचा मुलगा. गाडी आली बघा. आता तो "कधी येणार" असं विचारत नाही. तो शेवटच्या डब्यावरची फुली शोधतो आहे.