एपिसोडचा मजकूर : पाय १८० अंशात वळवायचा हट्ट आणि अंगठ्याजवळचा उंचवटा

इअरफोन लावलेत ना? आता चप्पल काढा आणि पायाच्या अंगठ्याकडे बघा. सरळ आहे, की शेजारच्या बोटाकडे झुकलाय?

आजचा विषय घरातूनच आलाय. मी सॉफ्टवेअरवाला, नाचाशी संबंध वरातीपुरता. पण माझी धाकटी बहीण सिडकोतल्या आमच्या गच्चीवर मोबाईल बघून बॅले शिकते. मागच्या महिन्यात लंगडताना दिसली. अंगठ्याच्या मुळाशी लालसर उंचवटा. म्हणाली, "दादा, आईला सांगू नको, नाच बंद करेल."

या उंचवट्याला बनियन म्हणतात. बनियान नाही, बनियन! डॉक्टरी नाव हॅलक्स व्हॅल्गस. आपल्याला वाटतं हाड वाढलं. खरं तर अंगठ्यामागचं लांब हाड पायाच्या आतल्या कडेकडे सरकतं, अंगठा उलट दिशेला झुकतो आणि सांध्याचा कोपरा बाहेर दिसतो. याला आनुवंशिकता आणि निमुळते बूट कारणीभूत असतात. आमच्या आईलाही हा उंचवटा आहे आणि तिने आयुष्यात कधी बॅले केलेलं नाही. म्हणजे बॅले केलं की बनियन होणारच, असं नाही. पण चुकीचं तंत्र त्यात भर घालू शकतं.

ते कसं? बॅलेत पावलं बाहेर वळवतात, त्याला टर्नआउट म्हणतात. हे वळण मुख्यतः खुब्यातून यायला हवं. खुबा किती वळणार हे बरंचसं हाडांच्या ठेवणीवर ठरतं. प्रत्येकाला १८० अंश जमत नाही. मग आपण काय करतो? पावलं जमिनीवर रेटून जबरदस्तीने वळवतो. गुडघ्याला पीळ पडतो, पायाची कमान आत कोसळते आणि भार अंगठ्याच्या आतल्या कडेवर येतो. चूक वर, एरर खाली. आमच्या कोडमध्येही असंच होतं!

घरी एक तपासणी करा. पावलं वळवून उभे राहा आणि गुडघे हळूच वाकवा. गुडघ्याची वाटी दुसऱ्या बोटाच्या रेषेत आली तर ठीक. आत गेली तर पावलं कमी वळवा.

हे फक्त बॅलेचं नाही. आपल्या शहरात महागामीमध्ये कथक आणि ओडिसी शिकवतात. ओडिसीच्या चौकातही गुडघे बाहेर उघडतात आणि तिथेही वळण खुब्यातूनच हवं.

मुंबईचे मनीष चौहान आणि अमीरुद्दीन शाह आठवतात? २०२० चा 'ये बॅले' सिनेमा त्यांच्यावरून प्रेरित आहे. अमीरुद्दीनला २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये प्रवेश मिळाला. दोघांना येहुदा माओर यांनी शिकवलं. समोर उभं राहून चूक पकडणारा गुरू होता. मोबाईलमध्ये आपण व्हिडिओ बघतो, व्हिडिओ आपल्याला बघत नाही.

आणखी एक. बोटांच्या टोकावर उभं राहायचे पॉइंट शूज ऑनलाइन मागवून थेट घालू नका. आधी काही वर्षांचा सराव, घोट्याची ताकद आणि शिक्षकाची परवानगी लागते.

बहिणीला अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवलं. आईलाही सांगितलं. आईने आधी स्वतःचा पाय पुढे केला, मग म्हणाली, "नाच कर, पण दुखणं लपवू नको." आता ती पावलं कमी वळवते. सुरुवातीला तिला लाज वाटली. पण आता लंगडत नाही.

तुमचंही काही दुखत असेल तर लपवू नका, दाखवून घ्या. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!