दार मिटलेलेच राहू द्या

आपली पस्तिशीतील मुले बंद दाराआड पडद्यावरील समुपदेशकाशी बोलत असतात आणि आपण बाहेर अस्वस्थ बसलेले असता. ही अस्वस्थता मी जाणतो. माझ्याकडे येणाऱ्या एका वृद्ध मातेने मला विचारले होते, "डॉक्टर, तो कधी बरा होईल?"

स्वमग्नता किंवा एडीएचडी हे मेंदूच्या जडणघडणीतील वेगळेपण आहे. ते पुसून टाकणे हा समुपदेशनाचा हेतू नसतो. कामाची आखणी, गोंगाटाचा त्रास, चिंता, तसेच वर्षानुवर्षे इतरांसारखे वागून दाखवण्याचा शीण यांतून वाट शोधणे, हा हेतू असतो.

सत्र साधारणतः पाऊण ते एक तासाचे असते. पहिली काही सत्रे परिचयातच जातात. कॅमेरा बंद ठेवणे, लिहून उत्तर देणे, येरझारा घालत बोलणे अशा सवलती प्रारंभीच मागाव्यात. घरच्या ओळखीच्या खोलीत अनेकांना बोलणे सोपे जाते.

चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणी अवश्य विचारावी. औषधे मात्र मनोविकारतज्ज्ञासारखे डॉक्टरच देतात. जीव नकोसा झाल्याचे बोल कानी आले, तर पुढील सत्राची वाट पाहू नये. माणसाला एकटे न सोडता तत्काळ रुग्णालय गाठावे. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक अहोरात्र उपलब्ध असतो.

आणि सत्र संपताच "काय बोलणे झाले?" असे विचारू नका. जेवायला हाक मारा. सांगावेसे वाटेल, तेव्हा ती आपणहून सांगतील.