इंद्रायणीचा फेस आणि डॉल्फिनच्या अंगातला पारा

आळंदीच्या फेसाळ इंद्रायणीचं रील मी ग्रुपवर टाकलं, तर एकाने विचारलं, "हेच पाणी मालवणच्या डॉल्फिनला मारणार का?"

नाही. पवना आणि इंद्रायणी शेवटी भीमेत, भीमा कृष्णेत आणि कृष्णा बंगालच्या उपसागरात जाते. भोसरी-चाकणकडे प्लेटिंगमधलं क्रोमियम, निकेल नदीत सुटलंच, तर त्यातलं बरंचसं वाटेत गाळात बसतं. त्याचा त्रास आधी नदीकाठच्यांना.

डॉल्फिनचा खरा वैरी पारा, आणि त्याला नदी लागतच नाही. कोळसा जाळला की पारा वाफ होऊन चिमणीतून निघतो आणि हवेत महिनोन्‌महिने फिरतो. (आपला फोन चार्ज होतो ती वीजही बरीचशी कोळशाचीच.) पाण्यात पडल्यावर जिवाणू त्याचं मिथाइल मर्क्युरी बनवतात. ते छोट्या माशातून मोठ्या माशात, तिथून डॉल्फिनमध्ये जातं आणि दर पायरीला वाढतं. डॉल्फिन कित्येक दशकं जगतो, म्हणजे साठाही तेवढा मोठा.

त्याचं यकृत सेलेनियमच्या जोडीने पारा बांधून ठेवतं. भारी सोय आहे, पण तिलाही मर्यादा आहे. शिवाय गाभण मादीकडून तो पिलाच्या मेंदूपर्यंत पोचतो. जपानच्या मिनामाता गावात 1956 पासून माणसांच्या बाबतीत हेच उघड झालं. तिथे कारखान्याचा पारा खाडीतल्या माशांमधून ताटात आला होता.

सीएफएलमध्येही थोडा पारा असतो. घंटागाडीत फुटली की तो हवेत. ती ई-कचऱ्यात द्यायची. माझ्या माळ्यावर अजून चार पडल्यात.