अळीसाठी बेसन

माळव्यात खरिपात सोयाबीन आणि रब्बीत गहू-हरभरा. हरभऱ्याला घाटे धरले, की अर्धं अंग बाहेर ठेवून डोकं आत खुपसणारी घाटे अळी, हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा, दाणे फस्त करते. विदर्भात हीच कापसावर अमेरिकन बोंडअळी म्हणून ओळखली जाते. शेतात ती नकोशी. कीटकशास्त्रज्ञाला मात्र ती बाराही महिने, ढिगाने आणि एकाच वयाची हवी. मे महिन्यात तिला हिरवे घाटे कुठून आणणार?

मग तिच्यासाठी रांधावं लागतं. आपल्याकडच्या बहुतेक पाककृतींचा पाया हरभऱ्याचं पीठच. त्यात यीस्ट आणि जीवनसत्त्वं, बुरशी रोखायला सॉर्बिक आम्ल व मिथाइल पॅराबेन, जिवाणूंसाठी स्ट्रेप्टोमायसिन, आणि सगळं वडीसारखं थिजायला अगर, म्हणजे किराणा दुकानातलं चायना ग्रास. कीटकांना स्टेरॉल स्वतः बनवता येत नाही, ते अन्नातूनच मिळावं लागतं. 'क' जीवनसत्त्व उष्णतेने नासतं, म्हणून ते मिश्रण कोमट झाल्यावर घालायचं. पण फार थांबलं तर अगर थिजतो. मोठ्या झालेल्या अळ्या एकमेकींना खातात, त्यामुळे प्रत्येकीला वेगळा कप्पा. वाढवणाऱ्याचा बराच वेळ यातच जातो.

गुलाबी बोंडअळी याहून अवघड. ती बोंडाच्या आत, सरकीत राहणारी. अमेरिकेत एर्मा व्हँडरझँट आणि रेमंड रायझर यांनी १९५६ मध्ये तिला निर्जंतुक कृत्रिम खाद्यावर वाढवून दाखवलं. १९६० मध्ये गव्हाच्या अंकुराचं खाद्य आलं आणि पुढे ते इतर अनेक अळ्यांनाही चाललं.

एवढी खटपट कशासाठी? मोजमापासाठी. बीटी कापूस म्हणजे जिवाणूचं जनुक घातल्याने अळीसाठीचं विष स्वतःच बनवणारा कापूस. त्याच्या पानातलं विष झाडाच्या वयानुसार कमी-जास्त होतं. त्यावर अळी जगली, तर दोष पानाचा की अळीच्या अंगात आलेल्या प्रतिकाराचा, हे कळत नाही. कृत्रिम खाद्यात विषाची मात्रा आपण ठरवतो. शेतातून आणलेल्या अळ्यांची पिल्लं काही विषारी, काही साध्या खाद्यावर सोडायची आणि मेलेली मोजायची. साध्या खाद्यावरच फार मेल्या, तर चाचणी बाद. म्हणजे स्वयंपाक बिघडला की निष्कर्षही बिघडला. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी प्रतिकारावर नजर ठेवली जाते ती अशा चाचण्यांच्या जोरावर. भारतात बीटी कापूस २००२ मध्ये आला, दोन जनुकांचं वाण २००६ मध्ये. पहिल्या जनुकाला गुलाबी बोंडअळी दाद देत नसल्याचं २०१० मध्ये गुजरातमधून जाहीर झालं. २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात दोन्ही जनुकं असूनही बोंडं किडली.

अमेरिकेने हेच खाद्य शस्त्र म्हणून वापरलं. फिनिक्सच्या केंद्रात गुलाबी बोंडअळ्या लाल रंग मिसळलेल्या खाद्यावर वाढवल्या जात. रंग पतंगाच्या शरीरात उतरे, म्हणून सापळ्यातला पतंग चिरडला की तो कारखान्यातला की रानातला, हे लगेच समजे. हे पतंग किरणोत्साराने वांझ करून विमानातून कापसावर सोडत. जोडीला बीटी कापूस आणि कामगंध सापळे होतेच. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्या देशाने आपला कापूस पट्टा गुलाबी बोंडअळीमुक्त जाहीर केला. तिथे बीटीची धार शाबूत असतानाच वांझ पतंगांची मोहीम जोडीला होती; आपल्याकडे ती धार आधीच बोथट झाली आहे.