खानावळीपासून मसाला गल्लीपर्यंत : मुंबईच्या आस्वादाचा मागोवा

मुंबई कोठून पाहावी आणि तिच्यात काय चाखावे, या प्रश्नाला मराठीत जुनी परंपरा आहे. गोविंद नारायण माडगावकर यांनी १८६३ मध्ये ‘मुंबईचे वर्णन’ लिहिले आणि १८८९ मध्ये आचार्य व शिंगणे यांचा ‘मुंबईचा वृत्तांत’ प्रसिद्ध झाला. मात्र ज्या खाद्यसंस्कृतीमुळे आज हे शहर ओळखले जाते, तिची जडणघडण मुख्यतः या दोन ग्रंथांनंतरची आहे, आणि तिचा उगम श्रीमंतांच्या मेजवान्यांपेक्षा घरदार गावी ठेवून पोटासाठी आलेल्या एकट्या माणसाच्या दोन वेळच्या जेवणात शोधावा लागतो.

ताडदेव येथे १८५६ मध्ये पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि पुढील काही दशकांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी या परिसराला गिरणगाव हे नाव पडले. कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार गावकऱ्यांच्या सामायिक खोलीत राहत, एका पाळीचे लोक कामावर गेले की दुसऱ्या पाळीचे त्याच जागी अंथरूण टाकत. अशा खोलीत चूल मांडणे शक्यच नसल्याने शेजारच्या एखाद्या कुटुंबातील बाई महिन्याच्या ठरावीक पैशांत त्यांना जेवू घालत असे. हीच खानावळ. तिला पाटी नसे, टेबल-खुर्ची नसे. वाराप्रमाणे मासळी किंवा मटण, एरवी भाकरी, आमटी आणि सुके असा तिचा बेत असे. शहराच्या इतिहासात या बायकांची नोंद फार उशिरा झाली, ही खेदाची गोष्ट आहे. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, तेव्हा कुठे त्यांच्या श्रमाला संघटनेचे आणि बँकेच्या कर्जाचे बळ मिळू लागले. आज दादर-परळ भागात मालवणी थाळी मागवणाऱ्याने, म्हणजे तळलेला बांगडा, तिसऱ्यांचे सुके, भात आणि कोकम व नारळाच्या रसाची सोलकढी समोर घेणाऱ्याने, ही चव त्या खोल्यांच्या शेजारी वाढली आहे हे ध्यानात ठेवावे.

याच गरजेची आणखी दोन रूपे शहरात दिसतात. इराणच्या यझ्द व केरमान भागांतून आलेल्या झरथुष्ट्रींनी नाक्यानाक्यावर चहाची दुकाने थाटली. धोबी तलाव येथील कयानी (१९०४) किंवा बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया (१९२३) ही त्यांपैकी टिकून राहिलेली ठिकाणे. कडक कवचाचा ब्रून पाव लोणी लावून चहात बुडवणे हा तेथील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत योग्य बेत होय. दुसरे रूप माटुंग्याचे. १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या सुधार ट्रस्टने दादर-माटुंगा-वडाळा या भागात आखीव वसाहती वसवल्या, तेथे दक्षिणेकडील नोकरदार मोठ्या संख्येने स्थिरावले आणि त्यांच्यासाठी उडुपी पद्धतीची भोजनगृहे निघाली. कॅफे मद्रास १९४० चे, तर केळीच्या पानावर जेवण वाढणारे रामा नायक यांचे बोर्डिंग १९४२ चे. माटुंग्याला सकाळी लवकर, फुलबाजार भरलेला असताना जावे.

गिरगावाचा आस्वाद मात्र पायीच घ्यावा लागतो. केशवजी नाईक चाळीतील सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ पासूनचा आहे, आणि तेथून थोड्याच अंतरावर खोताची वाडी ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई परिसरातील मूळ ख्रिस्ती समाजाची, लाकडी सज्ज्यांच्या घरांची वस्ती लागते. ती राहती वस्ती आहे, म्हणून तेथे हळू बोलावे आणि छायाचित्रापूर्वी विचारावे. वाटेत कोथिंबीर वडी आणि पियुष, म्हणजे श्रीखंड व ताक यांचे केशर-जायफळ घातलेले दाट पेय, घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

नाटकाचा विचार जेवणापासून वेगळा करता येत नाही. परळचे दामोदर नाट्यगृह १९२२ मध्ये उभे राहिले आणि कामगारांच्या हौशी रंगभूमीचे ते हक्काचे घर ठरले. २०२३ मध्ये ते पुनर्विकासासाठी बंद झाले, ही गिरणगावाच्या स्मृतीची मोठी हानी आहे. दादरच्या शिवाजी मंदिरात, जे १९६५ पासून चालू आहे, मध्यंतरातील बटाटेवडा हा प्रयोगाचाच भाग मानला जातो. तोच वडा पावात घालून दादर स्थानकाबाहेर १९६६ च्या सुमारास विकला जाऊ लागला, असे सामान्यतः मानतात. उभ्याने, लोकलच्या वेळेत खाता येणारे हे अन्न कामगारांच्या शहराला सहज मानवले.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले, आणि त्यानंतर गिरण्यांच्या जागी हळूहळू मॉल आणि कचेऱ्यांचे मनोरे आले. खानावळींचे गिऱ्हाईक पांगले. लालबागची मसाला गल्ली मात्र टिकली, कारण तिचे गिऱ्हाईक पाळीवर अवलंबून नव्हते. मार्च ते मे या महिन्यांत तेथे जाणाऱ्याला दिसते की ब्याडगी मिरची रंगासाठी आणि संकेश्वरी मिरची तिखटपणासाठी निवडून, उन्हात वाळवून, खड्या मसाल्यांसह भाजून बायका आपल्या डोळ्यांदेखत कांडून घेतात, आणि पावसाळ्याआधी वर्षाचा मसाला भरलेले डबे घेऊन उपनगरांतल्या, कधी गावाकडच्या, घरी परततात.