पाण्याला वाट, पाइपाला हवा

पाण्याचं मोल लातूरकरांना वेगळं सांगावं लागत नाही. एप्रिल 2016 मध्ये धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं आणि मिरजेहून सुमारे 340 किलोमीटर अंतर कापून ‘जलदूत’ रेल्वे शहरात आली. पहिल्या खेपेला दहा वॅगनमधून साधारण पाच लाख लिटर पाणी आलं. पाणी घरात कसं आणायचं आणि कसं साठवायचं, याचा विचार तेव्हापासून घरोघरी होतो. वापरलेलं पाणी घराबाहेर कसं जातं, हे मात्र आपण बांधकामाच्या वेळी मिस्त्रीवर सोपवून मोकळे होतो. पाणी बेताचं असलेल्या शहरातच सांडपाण्याची जोडणी जास्त जपून करावी लागते, आणि वॉशिंग मशीनची जागा हे त्याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण आहे.

बहुतेक घरांत मशीनची नळी बाथरूममधल्या किंवा गॅलरीतल्या नहाणी ट्रॅपच्या जाळीवर सोडलेली असते. जाळीखालच्या त्या वाटीत साधारण 50 मिलिमीटर उंचीचा पाण्याचा थर कायम उभा राहावा लागतो, कारण गटारातला वायू आणि झुरळं घरात येऊ न देणारी ती एकमेव आडकाठी. मशीनचा पंप काही मिनिटांत डझनावारी लिटर पाणी फेकतो. पाइप भरून वाहू लागला की मागे हवा कमी पडते आणि ती ओढ शेजारच्या बेसिनच्या ट्रॅपमधलं पाणीही शोषून घेते. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गचके देत येतं; दुसरं भोक पाडताच हवा आत शिरते आणि धार सरळ लागते. सांडपाण्याच्या पाइपासाठी ते दुसरं भोक म्हणजे गच्चीच्या वर नेलेला व्हेंट पाइप. तो नसेल तर मशीन पाणी सोडताना बेसिन गुडगुडतं, जाळीतून फेस वर येतो आणि नंतर वास सुटतो.

ट्रॅप ओढीने रिकामा होतो, तसा नुसता उन्हानेही सुकतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, नळाला काही दिवसांआड पाणी येत असताना, कमी वापराच्या बाथरूमचा ट्रॅप कोरडा पडायला फार दिवस लागत नाहीत. हे नुसतं दुर्गंधीचं प्रकरण नाही. 2003 मध्ये हाँगकाँगच्या ॲमॉय गार्डन्स वसाहतीत सार्सची लागण तीनशेहून अधिक रहिवाशांना झाली. ती पसरण्यात बाथरूममधल्या कोरड्या ट्रॅपचा वाटा असल्याचं तपासात पुढे आलं. आपल्याकडे उघड्या व्हेंट पाइपातून डासही ये-जा करतात. म्हणून तर आरोग्य विभाग त्याच्या तोंडाला जाळी बांधायला सांगतो.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा. नवं घर बांधताना मशीनसाठी दोन इंची वेगळा उभा पाइप, खाली ट्रॅप आणि गच्चीपर्यंत व्हेंट, एवढ्याने एकूण खर्चात नाव घेण्याजोगी भर पडत नाही. फरशी बसल्यावर तेच काम महाग होतं. जुन्या फ्लॅटमध्ये भिंत न फोडता बाहेरून पाइप नेता येतो, आणि व्हेंट वर नेणं अशक्य असेल तिथे हवा फक्त आत घेणारा एकमार्गी व्हॉल्व्ह बसवता येतो. नळीच्या उंचीला तर पैसाही लागत नाही. फ्रंट लोड मशीनच्या पुस्तिकेत बहुधा 60 ते 100 सेंटिमीटर उंची दिलेली असते. नळी जमिनीवर लोळत असेल, किंवा पाइपात घट्ट कोंबलेली असेल, तर आत आलेलं पाणी आपोआप बाहेर ओढलं जाऊ शकतं. मशीन भरत राहतं, टाकी रिकामी होत राहते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जिथे पाणीच नाही, तिथे ते इतक्या नेटकेपणाने गटारात का घालवायचं? उत्तर असं की वेगळी वाट असेल तरच पाणी वळवता येतं. संडासाच्या पाइपात मिसळलं की ते गेलंच. टॉप लोड मशीन एका धुण्याला शंभर लिटरच्या आसपास पाणी घेतं. त्यातलं शेवटच्या खळबळीचं पाणी बादलीत धरून त्याच दिवशी संडासाला, फरशीला वापरता येतं. साबणाचं पहिलं पाणी झाडांना मात्र नको, त्यातला सोडियम काळ्या मातीला घट्ट करतो. ते शोषखड्ड्यात जावं. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी शोषखड्डे करून उघड्या गटारांना आणि डासांना आळा घातला, आणि तो प्रयोग पुढे ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून ओळखला गेला. काळ्या चिकण मातीत पाणी जिरत नाही, ही अडचण खरी आहे. तिथे मुरमापर्यंत खोल जावं लागतं, आणि तसं जमत नसेल तर साबणाचं पाणी गटारालाच जोडलेलं बरं. पण हा निर्णय जाणूनबुजून, नकाशावर व्हायला हवा. पाणी आत आणणाऱ्या पाइपांची रेघ आपण त्या नकाशावर आवर्जून काढून घेतो. बाहेर नेणाऱ्या पाइपाची आणि त्याच्या व्हेंटची रेघही स्लॅब पडण्याआधीच मागून घ्यावी.